वरच्या चार ओळी

“मास्तर, हा तपासणीचा प्रोग्राम बरळायला लागलाय बहुतेक,” तपासणीवाली म्हणाली आणि तिने लॅपटॉप त्यांच्या चहाच्या कपाला खेटून ठेवला. “तुमची फाईल म्हणे तुमची नाहीच!”

मास्तर हसले. हसावंच लागलं.

कंपनी दमेकऱ्यांना घरी वापरता येईल असं प्राणवायूचं यंत्र बनवायची. त्यातल्या चिपवर चालणारा सगळाच कोड काही कंपनीचा नव्हता. जगात कुणी कुणी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोडही त्यात होता. खुशाल वापरा, हवा तसा बदला, पण लिहिणाऱ्याचं नाव आणि परवाना पुसू नका, यंत्र विकाल तर सोबत ते कळवा आणि कुणी मागितला तर तो कोड द्या, एवढीच त्या लोकांची अट. म्हणून खोक्यात जाणाऱ्या पत्रकात त्यांची यादी छापावी लागे. ती यादी जुळवणं, आणि कंपनीचा कोड जगातल्या खुल्या कोडशी ताडून पाहणारा हा नवा प्रोग्राम चालवणं, हे तपासणीवालीचं काम, आणि काम तिला शिकवलं होतं मास्तरांनीच. मास्तर आयुष्यात कधी खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहिले नव्हते, पण कंपनीतला प्रत्येक नवखा त्यांच्या हाताखालून गेलेला. नवख्याला ते पहिल्याच दिवशी दम भरत, “दुसऱ्याचं घ्यायला लाजू नका. पण फाईलच्या वरच्या चार ओळींना, त्या नाव-परवान्याला, हात लावाल, तर गाठ माझ्याशी आहे.”

आणि चांगला कोड कसा असतो हे दाखवायला काढली जायची ती ‘मास्तरांची फाईल’. श्वास थांबला तर यंत्राने किती वाट पाहायची आणि भोंगा कधी वाजवायचा, हे ठरवणारी. दोनशे ओळींची, आखीवरेखीव.

“कुणीतरी तुमचीच ढापून बाहेर टाकली असणार,” तपासणीवाली म्हणाली. “मी चुकीचा इशारा म्हणून खूण करून टाकते. उद्या माल निघायचाय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

एक अक्षर उच्चारायचं होतं. मास्तरांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

एकोणीस वर्षांपूर्वी, चाळिशीत या कामात आले तेव्हा, ते स्वतःच नवखे होते. ही फाईल त्यांनी खुल्या कोडातूनच घेतली आणि भोंग्याच्या वेळा तेवढ्या बदलल्या. चिप एवढीशी, जागा पुरता पुरेना. फाईलमध्ये माणसांना वाचण्यासाठी लिहिलेली टिपणंही चिपमधली जागा खातात, असा शोध त्यांनी स्वतःच्या अकलेने लावला आणि भराभर सगळी टिपणं उडवली. वरच्या चार ओळीही गेल्या, लिहिणाऱ्याच्या नावासकट. टिपणं चिपमध्ये जातच नाहीत हे कळेपर्यंत महिना गेला. तोवर कंपनीच्या ठरावीक साच्याने त्या रिकाम्या जागी आपोआप त्यांचं नाव घातलं होतं आणि थोरल्या साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली होती. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता सांगायचं राहूनच गेलं. सुरुवातीला लाज वाटायची. मग तीही अंगवळणी पडली, आणि पुढे पुढे तर त्यांना खरंच वाटू लागलं, की ही आपणच लिहिली.

“अगं,” ते म्हणाले, “तो बरळत नाहीये.”

त्यांनी सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढला.

“पण तुम्हीच तर आम्हाला…”

“हो. मीच.”

मास्तर तसेच साहेबांच्या खोलीत गेले. आताचे हे साहेबही एकेकाळी मास्तरांच्या हाताखालचेच. त्यांनी दार लावून घेतलं. “चार महिन्यांनी निवृत्त होताय, मास्तर. आता कशाला उकरून काढता? कोण विचारायला बसलंय?”

“एकोणीस वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून तर हे असं झालं.”

“आणि नव्या मुलांना काय सांगू?”

“झालं ते सांगा. मीच सांगतो हवं तर.”

माल आठवडाभर थांबला, पत्रक नव्याने छापलं. फाईलच्या माथ्यावर मूळ चार ओळी परत आल्या आणि मास्तरांचं नाव त्यांच्याखाली गेलं, फक्त ‘भोंग्याच्या वेळेत बदल’ एवढ्यापुरतं. जेवणाच्या टेबलावर कुणी टोमणा मारला नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड बोलू लागले, आणि तेच मास्तरांना जिव्हारी लागलं.

त्या चार ओळींत लिहिणाऱ्याचा ईमेलचा पत्ताही होता. मास्तरांनी त्याला ईमेल लिहिला, तीनदा खोडला, चौथ्यांदा पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं ते मुलीचं. “बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची मेल अजून मीच बघते. त्या फाईलचा कुठे कुणाला उपयोग झाला असेल का, असं ते अधूनमधून विचारायचे. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. झाला असेल हो, म्हणायचो. त्यांचं नाव असलेलं पत्रक खालच्या पत्त्यावर पाठवाल का? आईला दाखवायचंय.”

मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. आपण गप्प राहिलो त्या एकोणीस वर्षांतली सोळा वर्षं हा माणूस विचारत होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते पोस्टात गेले. लिफाफ्यात पत्रकाच्या दोन प्रती होत्या, न दुमडलेल्या, मागे पुठ्ठा लावलेल्या. खिडकीतल्या बाईने लिफाफा वजनाला ठेवला.

“साधं पाठवू की रजिस्टर?”

“रजिस्टर करा,” मास्तर म्हणाले. “आधीच फार उशीर झालाय. आता हरवायला नको.”