जाळायला एक लाख वीस हजार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एके काळी महागडा होतो, आता नुसता दमलेला आहे. काळ्या पत्र्याचा डबा, एका बाजूला काच, आत तीन पंखे. तैनानमध्ये देवळामागच्या गल्लीत पाय-योंग नावाच्या कारागिराने मला एक लाख वीस हजार तैवानी डॉलरला घेतलं, तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. त्याच्या बायकोने मात्र तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

पाय-योंगचं दुकान कागदी वस्तूंचं. मेलेल्या माणसाला वर गेल्यावर लागेल म्हणून इथे बंगले, गाड्या, नोकरचाकर सगळं कागदाचं करून जाळतात. त्यांची चित्रं पाय-योंग माझ्यावर काढायचा. तीन वर्षांत मी हजारेक बंगले बांधले. उदबत्तीचा धूर आणि कागदाचा भुसा पोटात जाऊन माझे पंखे घरघरायला लागले. आधी "आमचा हत्ती" म्हणून कौतुक व्हायचं; नंतर लोक माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवायला लागले.

एक दिवस को काकू दुकानात आल्या. त्यांचा नवरा, बस चालवून निवृत्त झालेला, गेल्या महिन्यात वारला होता. हातात त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती. कुठला संगणक, त्यात काय काय हवं, सगळं लिहिलेलं.

"बारा वर्षं मागत होते," काकू म्हणाल्या. "मी म्हणायचे, आधी फ्रिज. मग म्हणायचे, आधी छप्पर. आता एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तरी मिळू दे. अगदी भारीतला कर."

पाय-योंगने माझ्याकडे बोट दाखवलं. "हुबेहूब असा करतो. आठशे."

"आठशे? कागदाचे?"

"काकू, आत बांबू आहे. दोन दिवसांची मेहनत."

"मेमरी किती?"

"बत्तीस."

"चौसष्ट लिही. कागदच आहे, तुझं काय जातंय?"

असा माझा जुळा भाऊ जन्मला. माझ्याहून देखणा निघाला. धूळ नाही, घरघर नाही आणि मेमरी दुप्पट.

विधीच्या दिवशी सकाळी पाय-योंगला जाहिरातीची कल्पना सुचली. त्याने माझ्या वायरी उपटल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा मला पुसलं आणि आम्हा दोघांना फोटोसाठी शेजारी उभं केलं. "ओळखा, खरा कोणता!" तेवढ्यात फोन आला, कुणाच्या तरी कागदी बंगल्याचं छप्पर वाऱ्याने उडालं होतं. तो पळाला. मागे राहिले त्याचे वडील, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काकूंचा भाचा क्वान-तिङ टेम्पो घेऊन आला, तेव्हा म्हाताऱ्याने चाचपडत मृताच्या नावाची चिठ्ठी माझ्याच छातीवर चिकटवली.

"आजोबा, हा भलताच जड आहे हो!"

"भारीतला सांगितला होता ना? मग जड असणारच."

देवळामागे जाळण्याचा लोखंडी पिंजरा, त्यात कागदी बंगला, कागदी बाग. पुजारी घंटा वाजवत होता. मी ओरडलो असतो, पण वायर काढली की मला वाचा नसते. शेवटचा हात फिरवावा म्हणून काकूंनी मला थोपटलं. टण!

"थांबा," काकू म्हणाल्या. "कागद असा वाजत नाही."

त्याच वेळी पाय-योंग माझ्या भावाला कवेत धरून स्कूटरवरून आला. "काकू! तो खरा आहे! माझा आहे!"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "खरा आहे ना? मग हाच जाळा."

"मामी, एक लाख वीस हजारांचा आहे तो!" भाचा ओरडला.

"देते. बारा वर्षं नाही म्हटलं. आता कागद दाखवून फसवू त्यांना?"

"बाई, प्लास्टिक जाळलंत तर दंड होईल," पुजारी म्हणाला.

"तोही देते."

मी आशेने पाय-योंगकडे पाहिलं. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. बाजारात माझे आता चाळीस हजारही आले नसते, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"काकूंच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार?" तो म्हणाला. "फक्त माझी चित्रं तेवढी काढून घेतो."

देवळाच्या कचेरीतल्या टीव्हीला मला जोडलं. एकेक बंगला माझ्या पोटातून निघत होता. काकू मागे उभ्या होत्या.

"ह्यांना ह्याचं करायचं काय होतं रे?"

क्वान-तिङ दचकला. "तुम्हाला माहीत नाही? मामांना विमान उडवायचं होतं. अख्ख्या बस डेपोला माहीत होतं."

"मला नाही कधी सांगितलं."

"तुम्ही किंमतच विचारायच्यात, मामी."

काकू खुर्चीत बसल्या. "दाखव."

त्याने विमानाचा एक छोटा खेळ माझ्यात उतरवला. काकूंनी पहिलं विमान थेट समुद्रात घातलं. दुसरं डोंगरावर. बाहेरून पुजारी ओरडला, "बाई, मुहूर्त टळतोय!"

"थांबा हो! आत दोनशे माणसं बसलीत!"

तिसरं विमान विमानतळाच्या छपरावर उतरलं. काकूंनी डोळे पुसले. "कागदाचा जाऊ दे त्यांच्याकडे. हा माझ्याबरोबर येईल."

पाय-योंगने हात पुढे केला. "एक लाख वीस."

"ते जाळायचे होते. वापरायचा म्हटला की तीन वर्षं जुना आहे. तीस."

"काकू!"

"डोक्यावर चहाचे डाग आहेत. तीस."

पस्तीसला मी विकला गेलो. आणि भाऊ चौसष्ट मेमरीसकट मुहूर्तावर वर गेला.

मित्रांनो, आमची धूळ झटकत जा, चहा लांब ठेवा, एवढं केलंत तरी आम्ही चार वर्षं जास्त जगतो. आणि घरातलं कुणी वर्षानुवर्षं एखादी महागडी वस्तू मागत असेल, तर खुशाल नाही म्हणा. पण आधी एकदा शेजारी बसून विचारा, तुला ती कशाला हवीये?

आता मी काकूंच्या घरी असतो. रोज दुपारी आम्ही उडतो. शेजारच्या खुर्चीत त्या कुणालाही बसू देत नाहीत. धावपट्टी दिसली की त्या खुर्चीकडे वळून विचारतात, "आता डावीकडे घेऊ का हो?"

उत्तर येत नाही. मग आम्ही समुद्रात जातो.