आसरांची जागा

सोजरबाईंनी दोन मोटारींच्या मधल्या फटीत बैठक मारली आणि भिंतीलगतच्या सात दगडांना एकेक करून शेंदूर लावला. बापूराव पिशवी छातीशी धरून खांबाआड उभे होते. सोजरबाईंच्या नवऱ्याच्या, सोनबाच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं त्यांना या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाठवलं होतं. पिशवीत इथल्या बुजलेल्या नदीवरच्या त्यांच्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं होती. संध्याकाळी ती छापखान्यात द्यायची होती. त्याआधी सोनबाला दाखवावीत, एवढंच मनात होतं.

“वहिनी, हे काय?”

“आसरांची वटी भरतेय. आधी सासूबाई भरायच्या.”

“आसरा? इथं कशा?”

“आता मास्तर! आसरा पाण्याकाठी न्हाई, तर काय गच्चीवर बसतील?” सोजरबाई हसल्या. मग त्यांचा हात नारळावरच थांबला.

तीस वर्षं भूगोल शिकवून झाल्यावर बापूराव चार वर्षं या ओढ्याएवढ्या नदीमागे चालले होते. धायरीतलं तिचं बुजलेलं पात्र त्यांना सोनबानं दाखवलं होतं. पुस्तिकेतल्या नकाशात नदी इथून दोनशे पावलं पलीकडून जात होती. सोनबानं सांगितली तशी.

तेवढ्यात उदबत्त्या घेऊन सोनबाच आला. बापूरावांना पाहून त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“ही जमीन तुमची होती, सोनबा?”

“व्हती.”

“आणि नदी?”

सोनबानं दगडांकडे पाहिलं. “खरं सांगितलं असतं तर बिल्डरनं घेतली असती व्हय? तुमच्या नकाशाचा लई उपेग झाला, मास्तर. छापील व्हता ना.”

त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

“चार वर्षं तुमच्या घरची भाकरी खाल्ली मी.”

“ती खरीच व्हती की.”

तळमजल्याचं दार उघडून शेफाली बाहेर आली. एका व्याख्यानानंतर तिनं पुस्तिकेवर त्यांची सही घेतली होती.

“सर, तुम्ही इथे? बरं झालं. फ्लॅट घेताना तुमचा नकाशा दाखवला होता आम्हाला, म्हणून निश्चिंत होतो. पण दर पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी येतं हो. कुठून येतं, कळतच नाही.”

सोनबा उदबत्ती पेटवत राहिला. काडी दोनदा विझली.

“बघून सांगतो,” बापूराव म्हणाले.

बसथांब्यावर बसून त्यांनी प्रुफांखालची जुनी वही काढली. पहिलंच पान, सोनबा भेटण्याआधीचं. तेव्हा त्या इमारतीच्या जागी उघडं शेत होतं. पेन्सिलीची एक वळणदार रेघ खोडलेली होती, आणि शेजारी त्यांच्याच बारीक अक्षरात: ‘सात दगड. आसरा असाव्यात. नदी इथूनच.’ खाली दुसऱ्या दिवशीची तारीख. ‘सोनबा म्हणतात, शेताचा म्हसोबा. माझाच गैरसमज.’

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. खोडरबरानं शिसं गेलं होतं, खाच राहिली होती.

बस आली, थांबली, गेली. बापूरावांनी शाईचं पेन उघडून निब त्या खाचेवर टेकवली. रेघ कुठे चुकली नाही. ती सात दगडांजवळून वळली आणि पुढे मुठा नदीपर्यंत गेली.

मग त्यांनी प्रुफातला नकाशा मांडीवर पसरला.