कमी लिहिलेलं पाणी

सुनावणीच्या आधीचे तीन आठवडे हर्शेल प्रॅटर रोज माझ्या ऑफिसात येत होता आणि एकदाही खुर्चीवर धड बसला नव्हता. काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, कारभार बघायला निवडून आलेल्या तीन सदस्यांपैकी तो एक. मी त्यांची क्लार्क, सभेत कोण काय बोललं ते लिहून घेणारी. पाण्याचे दर वाढवायचे तर वॉटर कंपनीला या तिघांची मंजुरी लागते, आणि कंपनीने अडतीस टक्के वाढ मागितली होती. चेअरमन लायल बार्जर वाढीच्या बाजूने आणि ट्वायला नीस विरोधात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. उरला हर्शेल.

"विल्डा, ती कंपनीची फाईल दे जरा."

"काल दिली होती. परवाही दिली होती. पानं झिजतील आता."

"दे ना गं."

तो उभ्या उभ्याच पानं उलटायचा आणि दर वेळी अकराव्या पानावर थांबायचा. टाकीतून जेवढं पाणी सुटतं त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचं बिलच होत नाही, असं त्या पानावर होतं. पाइप जुने, म्हणून पाणी गळतं; पाइप बदलायचे, म्हणून पैसे हवेत. वाचायला अगदी सरळ. हर्शेल फाईल मिटायचा, खिडकीपाशी जायचा, खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायचा आणि निघून जायचा.

मला वाटायचं, मताचं ओझं असेल. निवडून येण्याआधी त्याने एकोणीस वर्षं याच कंपनीसाठी मीटर वाचले होते. एकीकडे जुनी नोकरी, दुसरीकडे शेजारीपाजारी. कोणाचीही झोप उडेल.

एका दुपारी डेल्फा स्टॅम्परने त्याला माझ्या दारातच गाठलं. हायवेलगत तिचं नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान आहे. काउंटीच्या विकासनिधीतून कर्ज मिळालं तेव्हा ते उभं राहिलं, आणि ते कर्ज हर्शेलनेच भांडून मंजूर करून घेतलं होतं. अट एकच: तीन बायकांना कायम कामावर ठेवायचं.

"तोंडावर सांग हर्शेल, वाढ देणार आहात का?"

"अजून ठरलं नाही."

"माझं ठरलंय. वाढ झाली की दोघींना घरी बसवते. म्हणजे तुमची अट मोडली. मग तुम्हीच तिघं या आणि माझी मशिनं उचलून न्या. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने ओरबाडायचं, बरं जमतं बाबा तुम्हाला."

"डेल्फा, पाइप गळतायत. कंपनी म्हणते—"

"कुठे गळतायत? मला एक डबकं दाखव. एकोणीस वर्षं तू हे डोंगर पायाखाली घातलेस. कुठे ओल दिसली का तुला?"

हर्शेलचे कान लालबुंद झाले. डेल्फा मान हलवत जिना उतरून गेली. ती गेल्यावर तो मला म्हणाला, "शनिवारी सकाळी मोकळी आहेस? केन फोर्कला जाऊन यायचंय. वही घे."

केन फोर्क म्हणजे एका ओढ्याकाठी वर वर चढत गेलेली तीनशे घरं. खाण चालू होती तोवर तिथे दर दारात नवा ट्रक दिसायचा. खाण बंद पडली, ट्रक गेले, पाठोपाठ तरुण माणसंही गेली. हर्शेलने गाडी मिस ओमा फ्यूगेटच्या घराखाली थांबवली, गवतातलं लोखंडी झाकण आकडीने उचललं आणि आतल्या मीटरची काच अंगठ्याने पुसली.

"लिही," म्हणाला. आकडा सांगितला. मग शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "आता हा लिही. मी नोकरी सोडली त्या महिन्यात मी लिहिलेला आकडा."

मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. दोन वर्षं उलटली होती, पण मधलं अंतर दोन वर्षांचं नव्हतं. बारा-पंधरा वर्षांचं पाणी होतं ते.

"मीटर बिघडलंय?"

"मीटर ठणठणीत आहे. मी बिघडलो होतो." तो झाकणाशेजारी उकिडवा बसला आणि लगेच उठला. "खाण बंद पडली त्या हिवाळ्यात मिस ओमा बिल हातात धरून पायरीवर बसली होती. मला काही बोलली नाही. मी पुढच्या महिन्यात कमी लिहिलं. एवढंच. मग तिच्या शेजारच्यांचं. मग वाटलं, यांना सूट आणि वरच्या घरांना नाही, हे कसं? शेवटी सगळ्या केन फोर्कला किमान बिलच येईल असं लिहीत गेलो."

"आणि तू गेल्यावर?"

"रस्ता खराब म्हणून इथे कोणी फिरकलंच नाही. माझ्याच आकड्यांची सरासरी धरून बिलं काढतात." त्याने हात पँटीला पुसले. "अकराव्या पानावरचं पाणी गळालेलं नाही, विल्डा. निदान सगळं नाही. लोकांनी प्यायलंय ते. भांडी घासलीत, पोरांना आंघोळ घातलीय."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "मी हे लिहून घेतलं तर ते नोंदीत जाईल."

"माहितीये."

"मग मला का आणलंस?"

"एकटा आलो असतो तर झाकण लावून परत गेलो असतो. दोनदा तसंच केलंय."

तेवढ्यात मिस ओमा पोर्चवर आली. ऐंशीला टेकलेली, ताठ बाई. "हर्शेल का रे तो? मत मागायला आलास की मीटर वाचायला? आत या, बीन्स शिजतायत, मक्याचा ब्रेडही आहे."

"पुन्हा येईन, मिस ओमा."

"पुढारी झाल्यापासून तुझं सगळं 'पुन्हा'वरच असतं!"

आम्ही आणखी अकरा झाकणं उघडली. सगळीकडे तेच. परत येताना त्याने दोनदा चुकीचं वळण घेतलं. त्या रस्त्यांवर, हर्शेलने.

चार दिवस मी ती वही ऑफिसला नेत होते, घरी आणत होते. त्याने सांगितलं नाही तर मी सांगायचं का? सांगितलं तर केन फोर्कच्या दारोदार वसुलीच्या नोटिसा लागणार. गप्प बसले तर डेल्फाचं दुकान जाणार. नवऱ्याने विचारलं, तुला बरं नाही का? मी म्हटलं, पित्त झालंय.

गुरुवारी संध्याकाळी सहाला सुनावणीसाठी आमच्याच इमारतीतला कोर्टाचा मोठा हॉल भरला, माणसं भिंतींना टेकून उभी होती. कंपनीच्या मॅनेजरने पडद्यावर गंजलेल्या पाइपांचे फोटो दाखवले. डेल्फा बोलली, तिच्या तिन्ही बायका तिच्या मागे उभ्या होत्या. लायल घड्याळ बघत म्हणाला, "आता मत घेऊ."

हर्शेल उठला. सदस्यांच्या टेबलामागून निघाला, पायऱ्या उतरला आणि लोकांसाठी ठेवलेल्या माइकपाशी जाऊन उभा राहिला.

"हर्शेल, तुझी जागा इकडे आहे," लायल म्हणाला.

"आज नाही. यावर मला मत देता येणार नाही. काय झालं ते सांगतो, विल्डाने सगळं लिहून ठेवलंय."

त्याने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, कारणं दिली नाहीत, नाव कोणाचंच घेतलं नाही. हॉलमध्ये एकच गलका झाला. मॅनेजर उभा राहून चोरी, फसवणूक असं काहीबाही म्हणू लागला. ट्वायलाने त्याला विचारलं, "आणि दोन वर्षं मीटर न बघता तुम्ही बिलं काढलीत, त्याला काय म्हणायचं?" तेव्हा तो खाली बसला.

मागच्या रांगेतून मिस ओमा पुढे आली. हातात काठी, पण ती न टेकता.

"माझं बिल कमी लिहिलंस तू?"

"हो, मिस ओमा."

"मी मागितलं होतं तुझ्याकडे?"

"नाही."

"मी पाणी मोजूनमापून वापरते, म्हणून बिल कमी येतं, असं पंधरा वर्षं लोकांना सांगत आले. चर्चमध्ये बायकांना शिकवलं मी, भांडी कशी घासायची ते! मला न विचारता तू मला भिकारीण केलंस?"

हर्शेल माइकची दांडी घट्ट धरून राहिला.

मत झालं. एक बाजूने, एक विरुद्ध. बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो. दरवाढ पडली.

पुढचं सावकाश घडत गेलं. बाहेरून आलेल्या इंजिनिअरने दोन महिने झाकणं उघडून सांगितलं की हरवलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त केन फोर्कच्या कमी आकड्यांत होतं, बाकीची गळती खरी. नव्या मीटरांसाठी आणि तेवढ्या गळक्या पाइपांसाठी काउंटीने विकासनिधीतून कंपनीला कर्ज दिलं, आणि मागची वसुली कोणाकडूनही करायची नाही ही अट घातली लायल बार्जरने. त्याच्याकडून ही अपेक्षा कोणालाच नव्हती. दर नऊ टक्क्यांनी वाढले. डेल्फाने एकीला कमी केलं, अट दोघींवर आणून घेतली, आणि त्या एकीचं नाव निघालं की अजून विषय बदलते.

सरकारी वकिलाने खटला भरला नाही. हर्शेलने राजीनामा दिला. केन फोर्कची बिलं दुप्पट झाली तेव्हा त्याच्या ट्रकची काच फुटली. कोणी फोडली ते त्याने शोधलं नाही. एकदा किराणा दुकानात भेटला तर मी विचारलं, आता झोप लागते का? म्हणाला, "नाही. पण आता नुसती झोपच लागत नाही, मनात काही दडवलेलं नसतं."

मिस ओमा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या टेबलाशी येते आणि पोस्टातून विकत घेतलेली, चेकसारखी वीस डॉलरची मनीऑर्डर ठेवते. मी दर वेळी सांगते, वसुली माफ झालीय, हे पैसे जमा करायला काउंटीकडे रकानाच नाही.

"मग रकाना काढ," म्हणते. "तुम्हा लोकांना लिहितावाचता येतं ना?"

मी मनीऑर्डर परत तिच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवते. तिला पोचायला तीन दिवस लागतात. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती पुन्हा येते.