दांड्यावरचा आकडा

आइस हॉकीच्या लाकडी स्टिकचा मोठा गुण म्हणजे ती गप्प असते. तिच्यावर कंपनीचं नाव असतं, डावखुऱ्याची की उजव्याची एवढं असतं, आणि त्यापुढे काही विचारलंत तर ती लाकूड असते. कार्बनच्या दांड्याचं तसं नाही. त्याच्यावर ठळक अक्षरांत आकडा छापलेला असतो: पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, शंभर. दांडा वाकवायला किती जोर लागतो त्याचा हा आकडा, आणि तो निवडायचा नियम असा की आपलं पौंडांतलं वजन घ्यायचं आणि निम्मं करायचं. त्यामुळे स्टिक भिंतीला टेकवून ठेवली की कपडे बदलायच्या खोलीतल्या कोणालाही आपलं वजन वाचता येतं. फक्त दुपटीचा हिशेब यायला हवा.

आमच्या संघात तो सगळ्यांना येतो. संघ पन्नाशी उलटलेल्यांचा आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या टोकाला पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला हिवाळ्यात जायला दोन जागा, रिंक आणि हृदयाचा डॉक्टर, आणि दुसरी लांबणीवर पडावी म्हणून आम्ही पहिलीकडे जातो. दांड्यांवर विश्वास ठेवला तर आमच्यात एकही माणूस एकशे सत्तर पौंडांच्या वर नाही. आम्ही सगळे एकदम बसलो की बाक जे सांगतो ते वेगळं.

ओरेस्ट बिलिक तेवढा लाकडीवर टिकून होता. धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचा काटा त्याने तीस वर्षं चालवला. बचावफळीत बावीस वर्षं तो डावीकडे आणि मी उजवीकडे. त्याचा पास म्हणजे जेवणाच्या टेबलावरून मीठ सरकवावं तसा. पक, म्हणजे ती रबरी चकती, बर्फाला चिकटून, कोणालाही न दुखावता, पाच जणांच्या पायांमधून जायचा आणि पलीकडच्या निळ्या रेषेवर आपल्या माणसाच्या पुढ्यात थांबायचा. माझं काम पक ओरेस्टकडे पोचवणं आणि मग वाटेतून बाजूला होणं.

ऑक्टोबरात रिंकबाहेर गाडीत सामान टाकताना तो म्हणाला, "अंगठा गेला."

"कुठे?"

"जाईल कुठे. हाताला आहे, पण माझं ऐकत नाही." त्याने हातमोजा काढून दाखवला. दाखवण्यासारखं काही नव्हतं. "सांधा झिजलाय म्हणे. जड लाकडावर पक आदळला की धक्का थेट तिथे जातो. डॉक्टरीण म्हणाली, हलकी स्टिक घ्या नाही तर खेळ सोडा."

"मग हलकी घे."

"एक घेतो. एकच. जमली तर ठीक, नाही तर स्केट खुंटीला."

ही धमकी नव्हती. ओरेस्टने सिगारेट अशीच सोडली, चर्चमधलं गाणं असंच सोडलं आणि धाकट्या मेव्हण्यालाही असंच सोडलं. प्रत्येकाला एकेक दिवस लागला, आणि तिघांपैकी एकाचंही नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

"दुकानात तू चल मास्तर," तो म्हणाला. "तू नऊ वर्षं ती कार्बनची वापरतोयस. तुला त्यातलं कळतं."

मी अवश्य म्हणालो. मी हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि कळतं असं कोणी म्हटलं की नाही म्हणायची सवय माझी तिथेच गेली.

खरी गोष्ट अशी होती. नऊ वर्षांपूर्वी मी लाकडी सोडून पहिला कार्बनचा दांडा घ्यायला गेलो, तेव्हा दुकान वॉल्टर कोझाकचं होतं. शनिवार होता. माझ्यामागे चार माणसं उभी होती, त्यांतला एक आमचा मुख्याध्यापक. वॉल्टरने पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, "वजन?" मी म्हणालो, एकशे सत्तर. मी एकेकाळी एकशे सत्तर होतोही, लग्नाच्या वर्षी. वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि पंच्याऐंशी लिहिलं. तो दुकानदार होता.

त्या दांड्याने मला पहिल्या दिवसापासून छळलं. मी जोर लावला की तो उकडलेल्या शेवयांसारखा वाकायचा आणि पक त्याच्या स्वतःच्या मनात येईल तिकडे जायचा, बहुतेक वेळा रिंकभोवतीच्या काचेवर. लोक माझ्याबद्दल म्हणाले, पेनरचा गुडघा गेला. मी गुडघ्यावर जाऊ दिलं. आकडा बदलायची सोय नव्हती, कारण पंच्याऐंशीवरून एकदम एकशे दहावर गेलो असतो तर सगळ्या खोलीने मागे हिशेब केला असता. तुटला की मी पुन्हा पंच्याऐंशीच घेत आलो. असे पाच झाले.

वॉल्टर वारला तेव्हापासून दुकान त्याची मुलगी डार्लीन बघते. रिंकच्या मागच्या दाराला लागूनच आहे. डार्लीन माझी विद्यार्थिनी, भूगोलात बावन्न गुण. त्यातले तीन मी कमी दिले असं तिचं म्हणणं आहे, आणि ती ते अजून अधूनमधून मांडते.

आम्ही गेलो तेव्हा स्केटना धार लावून घ्यायला सात-आठ जण रांगेत होते. औषधाच्या दुकानाचा रॉलंड फेडक सगळ्यांत पुढे होता.

"ओरेस्टकाका," डार्लीन म्हणाली, "आलात शेवटी. बाबा म्हणायचे, ओरेस्टला लाकडी स्टिकसकट पुरावं लागेल."

"वॉल्टर आधी गेला," ओरेस्ट म्हणाला. "त्याला प्रत्येक गोष्टीची घाई."

तिने यंत्र मदतनिसाकडे दिलं आणि हात पुसत आली. "सबंध स्टिक हवी की दांडा वेगळा, पातं वेगळं?"

"वेगळं म्हणजे कसं?"

"दांडा पोकळ असतो. त्यात पातं गरम गोंदाने बसवायचं. पातं तुटलं की तेवढंच बदलायचं, दांडा तोच."

"कुऱ्हाडीसारखं."

"अगदी कुऱ्हाडीसारखं."

हे ओरेस्टला पटलं. मग तिने पाती दाखवली. प्रत्येकाला वाढायच्या डावासारखा बाक होता. ओरेस्टने एक उचलून उजेडात धरलं.

"याने सूप वाढायचं काय?"

"हल्ली सगळे असंच घेतात काका. पक वर उडतो."

"मला वर उडवायचा नाही पोरी. मला पलीकडे पाठवायचाय."

डार्लीनने खालचा कप्पा ओढला, आत बराच वेळ हात घातला आणि एक पातं काढलं. लाकडी होतं, वरून काचधाग्याचं पातळ वेष्टण, आणि जवळजवळ सरळ. "पातं हे घ्या, दांडा कार्बनचा. वजन कार्बन कमी करेल, धक्का लाकूड खाईल. पक पात्याला लागल्याचंही तुम्हाला हातात कळेल, जसं आत्ता कळतं तसं."

ओरेस्टने पात्यावरून दुसऱ्या हाताचा, चांगला अंगठा फिरवला. "हे दे," तो म्हणाला.

"आता दांडा. वजन?"

"दोनशे एकतीस," ओरेस्टने किती वाजले सांगावं तसं सांगितलं.

रांगेत कोणीतरी खोकलं. त्या दुकानात एवढा मोठा आकडा यापूर्वी मोठ्याने उच्चारला गेला असेल असं मला वाटत नाही.

"म्हणजे एकशे पंधराच्या आसपास," डार्लीन म्हणाली.

ओरेस्ट माझ्याकडे वळला. "मास्तर, तुझा किती?"

"पंच्याऐंशी."

"नऊ वर्षं तोच?"

"तोच."

तो विचार करू लागला. ओरेस्ट विचार करतो तेव्हा घाई करून उपयोग नसतो, ट्रक काट्यावर स्थिर व्हावा लागतो. "आपण दोघं एकाच अंगाचे," तो म्हणाला. "कापणीनंतरच्या जेवणावळीला तू माझा कोट घालून घरी गेलास आणि तुला दुसऱ्या दिवशी कळलं. तुला नऊ वर्षं पंच्याऐंशी चालतो, तर मलाही चालेल. नियम काय, कोणीतरी कागदावर केलेला असतो. तू वापरून बघितलंयस."

डार्लीनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरा पडतो ना सर तुम्हाला?"

उत्तर ठाऊक असून न देणारा विद्यार्थी कसा दिसतो हे मी तीस वर्षं समोरून पाहिलं होतं. "सवय होते," मी म्हणालो.

डार्लीनने पंच्याऐंशीचा दांडा आणला. त्यात पातं नुसतं खोचून तिने तो ओरेस्टच्या जुन्या स्टिकला लावून पाहिला आणि वरच्या टोकाला पेन्सिलीने खूण केली. "एकदा कापला की तुमचा, काका. मग मी परत घेत नाही."

"परत कोण आणतंय," ओरेस्ट शांतपणे म्हणाला. "हा चालला नाही तर मला कुठलाच नको."

तिने दांडा शिकंज्यात धरून घट्ट केला आणि करवत घेतली.

पुढे काय होईल ते मला दिसत होतं. मंगळवारी आमचा खेळ असतो, तेव्हा ओरेस्ट पहिला पास देईल. पक निम्म्या वाटेत वळून काचेवर जाईल, दुसरा तसाच जाईल. वीस मिनिटं खेळून तो बाकावर येऊन बसेल आणि बूट सोडायला लागेल. दांड्याला तो काही बोलणार नाही. तो म्हणेल, चौसष्ट वर्षं झाली, आता हे व्हायचंच. आणि त्यानंतर मी कितीही खरं बोललो तरी तो विषय सिगारेट आणि मेव्हण्याच्या रांगेत जाऊन बसलेला असेल.

"थांब डार्लीन," मी म्हणालो.

"माप चुकलं?"

"माप बरोबर आहे. तो दांडा मला कधी मानवलेलाच नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

"मग नऊ वर्षं का घेताय?"

"तुझ्या वडिलांना मी वजन एकशे सत्तर सांगितलं होतं."

मदतनिसाने यंत्र बंद केलं. त्याची गरज नव्हती.

"आणि खरं किती होतं?" डार्लीनने विचारलं. धंद्याच्या दृष्टीने हा प्रश्न विचारायचं काही कारण नव्हतं. मला वाटतं, तो त्या तीन गुणांसाठी होता.

"तेव्हा दोनशे बारा. आता दोनशे अठ्ठावीस."

मी ओरेस्टकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं.

"दोनशे अठ्ठावीस ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तीस वर्षं काटा चालवलाय मी. ट्रक फाटकातून आत येताना सांगायचो."

"मग बोलला नाहीस कधी?"

"वजनाबद्दल काय बोलायचं. ते दिसतंच. मला वाटायचं तू मऊ दांडा मुद्दाम घेतोस. तुझा तो पास, मध्येच वळून काचेवर जातो तो. म्हटलं असेल मास्तरची काहीतरी पद्धत, शिकलेला माणूस आहे. नऊ वर्षांत त्यावरून एक शब्द बोललो का मी तुला?"

"नाही."

"जड गेलं," ओरेस्ट म्हणाला.

रांगेतून रॉलंडने मान पुढे काढली. "पेनर, मग तो गुडघा?"

"गुडघा ठीक आहे."

"तीन वर्षं मी तुला त्यासाठी मलम देतोय."

"ते मी कोपराला लावतो."

डार्लीनने शिकंजा सैल केला आणि पंच्याऐंशी जागेवर ठेवून आली. "एकशे पंधरा माझ्याकडे नाही. शंभराच्या वर मी मागवतच नाही, कोणी मागितलाच नाही आजवर. दुकानातला खप बघितला तर या गावात अंगाने भरलेला माणूसच नाही." रांगेतल्या बऱ्याच जणांना आपापल्या स्केटमध्ये बघण्यासारखं काही सापडलं. "मागे एक शंभरचा पडलाय. तुमच्या मापाला अडीच इंच कापावा लागेल, आणि दांडा आखूड झाला की कडक होतो. एकशे दहाच्या घरात जाईल."

"काप," ओरेस्ट म्हणाला.

तिने कापला, वरच्या टोकात लाकडी बूच ठोकलं, पात्याच्या खुंटीला गोंद लावून गरम हवेच्या बंदुकीने वितळवला आणि पातं आत दाबलं. ओरेस्टने थंड व्हायला दहा मिनिटं दिली. ती पंधरा झाली, कारण पात्यावर टेप तो स्वतः गुंडाळतो, टाचेकडून टोकाकडे, आणि एक जरी सुरकुती पडली तरी पुन्हा पहिल्यापासून.

बर्फावर बारा वाजेपर्यंत कोणी नव्हतं. आम्ही अंगातल्या कोटांसकट स्केट चढवून उतरलो. मी माझी स्टिक घेऊन पलीकडच्या निळ्या रेषेवर जाऊन उभा राहिलो. ओरेस्टने चारदोन वेळा स्टिक हवेत तोलून पाहिली, रिकामा ट्रक आलाय आणि कागद भरलेला म्हणतोय अशी. मग त्याने पक पाठवला. तो माझ्या मागून हातभर अंतरावरून गेला. दुसरा माझ्या स्केटवर आदळला. तिसरा बर्फाला चिकटून आला आणि माझ्या पात्याशी येऊन थांबला. मला फक्त उभं राहावं लागलं.

ओरेस्टने हातमोजा काढला. अंगठा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मी तिथूनच बघत राहिलो. मग मला राहवेना.

"अंगठा कसा आहे?"

"आहे."

"म्हणजे?"

"आहे म्हणजे आहे. बोंबलत नाहीये." त्याने हातमोजा चढवला. मी तयार व्हायच्या आत चौथा पास येऊन मागच्या फळीवर आपटला. "मास्तर, झोपू नकोस."

आम्ही दुकानात परतलो तेव्हा रांग संपली होती. रॉलंड मात्र होता. गल्ल्यापाशी मागणीच्या वहीवर झुकून तो डार्लीनशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता, आणि आम्हाला पाहून टेपची किंमत विचारू लागला.

"कसा आहे दांडा, काका?" डार्लीनने विचारलं.

"असाच अजून एक मागव. हिवाळा मोठा आहे." ओरेस्ट खाली बसून नाड्या सोडू लागला. "आणि एक मास्तरला."

डार्लीनने मागणीची वही ओढली. "सर, तुम्हालाही शंभर?"

रॉलंड टेप हातात घेऊन थांबला होता. मदतनीसही थांबला होता.

"नव्वद," मी म्हणालो. "या वर्षी नव्वद दे."

ओरेस्टने मान वर केली नाही. "शंभर लिही गं," तो म्हणाला.

तिने शंभर लिहिलं.