वाढीव पट्ट्या

राजसने पक्कड पहिल्या रिव्हेटला लावली मात्र, मृणालिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "खबरदार! ठेव ती खाली आधी."

राजसने मुकाट्याने ठेवली. सव्वीस वर्षांचा झाला, लायडनला लॅबमध्ये नोकरीला लागला, तरी झूटरमेरच्या या घरात आईच्या त्या आवाजापुढे त्याची टाप नव्हती.

डायनिंग टेबलावर राजनचं चिलखत पालथं पडलं होतं. राजन म्हणजे मृणालिनीचा नवरा, राजसचा बाबा. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. चिलखत म्हटलं की लोखंडी कड्यांचा सदरा डोळ्यांपुढे येतो, पण हे तसलं नव्हे. बाहेरून जाड लाल कापड, आत पोलादी पत्र्याचे तुकडे, कौलांसारखे एकावर एक चढवून रिव्हेटने ठोकलेले. बाहेर दिसायची ती नुसती रिव्हेटची पितळी डोकी. पाच-सहाशे वर्षांपूर्वी इकडचे शिपाई असलं घालून लढायचे म्हणे. आणि पुण्याहून आलेला, दिवसभर बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा हा माणूस युट्रेख्टजवळच्या एका जत्रेत ते बघून खुळावला. "मृणाल, असलं एक मी करणार!" तिला वाटलं, जिम लावली होती तसंच होईल, महिन्याभरात उतरेल भूत. कसलं काय! चिलखतं घालून हौसेने लढणाऱ्यांचा क्लब झाला, हातोडी आली, मागची शेड पत्र्यांनी भरली.

बरं, रिव्हेट ठोकायला माणसं लागतात दोन. एकाने रिव्हेटच्या डोक्याखाली लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून ठोकायचं. ठोकळा धरायला कोण? बायको! रविवारी ठाकठोक केली म्हणून शेजारीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हापासून शनिवार ठरला. दर शनिवारी मृणालिनी कुरकुर करायची आणि दर शनिवारी चहाचे कप घेऊन शेडमध्ये हजर व्हायची. या देशातले तिचे सगळ्यात सुखाचे दिवस कुठले म्हणाल, तर ते शनिवार. हे तिने राजनला एकदाही सांगितलं नाही, आणि आता त्याची रुखरुख लागून राहिली होती.

राजन इंजिनिअर, त्यामुळे त्याने माप घेतलं ते अगदी अंगाबरोबर. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काय, मिलिमीटरचे हिशोब काय! फक्त श्रीखंडाचा हिशोब राहून गेला. पुढच्या उन्हाळ्यात चिलखत पोटावर मिटेना. मग दोन्ही बाजूंना पत्र्यांची एकेक पट्टी वाढवली. लाल कापड संपलेलं, म्हणून मृणालिनीने जुन्या इरकलीचा तुकडा दिला. त्याच्या पुढच्या वेळी झंपराचा जांभळा खण. आणि शेवटी तर चक्क हॉलचा पडदा! क्लबचा डच म्होरक्या योस्ट अस्सलपणाबद्दल भलताच कडक. तो खण निरखून म्हणाला, "त्या काळी असलं कापड नव्हतं." राजनने ठोकून दिलं, "तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे होतं." पडद्याबद्दलही हेच सांगितलं पठ्ठ्याने.

आता राजसला क्लबच्या यंदाच्या मेळ्यात बाबाचं चिलखत घालून उतरायचं होतं. पण पोरगा काटकुळा. अंगात घातलं तर पिंपात उभा राहिल्यासारखा दिसला. आणि सैल चिलखत घालून लढायची सोय नसते, पत्रा हलतो आणि बरगडीवर आपटतो. योस्टने बजावलं होतं, मापात आण, नाहीतर मैदानात पाऊल ठेवायचं नाही.

"आई, इट्स जस्ट पट्ट्या," राजस म्हणाला. "त्या काढल्या की फिट होतं. ओरिजिनल सगळं तसंच राहील."

"अरे, त्या पट्ट्याच तुझा बाबा आहे!" मृणालिनीचा आवाज चढला. "ते ओरिजिनल लाल चिलखत घालणारा सडपातळ माणूस मला आता आठवतसुद्धा नाही धड. मला आठवतो तो हा, इरकलीतला आणि पडद्यातला."

राजसने पक्कड बाजूला सारली. मग हळूच म्हणाला, "ओके. ठेवतो परत शेडमध्ये."

त्याने चिलखत उचललं तेव्हा तिला आतली बाजू दिसली. पत्र्यांवर तांबूस गंज धरायला लागला होता. दोन वर्षं तिने जपलं जपलं म्हणून जे ठेवलं होतं, ते शेडच्या ओलीत खुशाल कुजत होतं.

"थांब रे," ती म्हणाली. "आत काय घालता तुम्ही?"

"पॅडिंगचं जॅकेट. ऑनलाइन घेतलंय."

"बघू." तिने ते चिमटीत धरलं. "हे? हे तर पायपुसणं आहे. याच्या तिप्पट जाड असलं तर?"

"तर बसेल. पण एवढं जाड कुठे मिळत नाही, आई."

"मिळायला कशाला पाहिजे? गोधडी काय दुकानातून आणतात?"

"मार्केटमधून कापड आणू?"

"नवं कापड टोचतं. गोधडी जुन्याचीच करायची असते."

हे बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं, घरात जुनं काय आहे ते. वर कपाटात राजनचे शर्ट होते, सगळेच्या सगळे. नणंद येऊन आवरते म्हणाली, तर हिने तिला कपाटाला हात लावू दिला नव्हता.

तिने स्वतःच ते खाली आणले. पहिला निळ्या चौकडीचा, ऑफिसचा. टेबलावर पसरला, कात्री लावली, आणि हात चालेना. राजसने कापड दोन्हीकडून ताणून धरलं. "वी डोंट हॅव टू, आई," तो पुटपुटला.

"गप बस. नीट धर."

तिने कापलं. कापताना ढसाढसा रडली, आणि रडत रडत सगळे शर्ट कापले. मग महिनाभर हाताने टाके घातले, अस्तरावर अस्तर, पोटाशी सगळ्यात जास्त.

मेळ्याच्या दिवशी तंबूत राजस ते जॅकेट घालून उभा राहिला, वरून चिलखत चढवलं. पुढचे पट्टे तिने आवळले. योस्टने येऊन त्याच्या पोटावर मूठ मारली, काही हललं नाही. मान डोलावून तो निघून गेला.

पाठीमागे कापडाला घडी पडली होती. ती सारखी करायला मृणालिनीने समोरूनच दोन्ही हात त्याच्याभोवती टाकले. हात मागे एकमेकांना पोचेनात. बोटं ताणली, टाचा उचलल्या, तरी नाही. राजनला मिठी मारली की नेमके इथेच अडायचे तिचे हात, जरासुद्धा पुढे नाही.

"आई," राजस कुजबुजला, "लोक बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली, आणि तिने सोडलं नाही.