शेवटपर्यंत वाजलेली रिंग

“एक तर बाबांना माझ्याकडे पालघरला आणून सोडा, नाहीतर त्यांचा फोन आला की उचलायचा. लागू देत काय पैसे लागायचे ते,” प्रियदर्शिनीताई म्हणाली होती.

ताई माझी सख्खी नणंद. ती बोलायला लागली की प्रत्येक वाक्याच्या टोकाला आपलं काहीतरी चुकलेलं असतंच. म्हणून हेही मी त्या दिवशीच्या टोमण्यांत जमा केलं, ‘हो ताई’ म्हटलं आणि बॅगेची चेन ओढून घेतली.

माझा नवरा सुजित पंप विकणाऱ्या एका कंपनीत आहे. वर्षाचं टार्गेट गाठलेल्यांना कंपनी कुटुंबासह व्हिएतनामला नेणार होती. विमान, हॉटेल, जेवण त्यांचं. फोनचा खर्च ज्याचा त्याचा. आमच्या घरातून पासपोर्ट काढून कुणी कुठे गेलेलंच नव्हतं. आमची मुलगी चिमी तीन वर्षांची. मी तिच्यासाठी तापाचं औषध, उलटीचं औषध, ओआरएस, दोन थर्मामीटर, मेतकूट आणि मऊ भाताचे तांदूळसुद्धा घेतले होते. तिकडे तांदूळच खातात, हे मला सुजितने विमानतळावर सांगितलं.

सासरे बोईसरलाच राहणार होते. नागोराव परभणीकडचे. तिशी गाठायच्या आत तारापूर एमआयडीसीत आले, रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून राबले, आणि निवृत्तीनंतरही या वासाच्या हवेतून हलले नाहीत. सासूबाई गेल्यापासून पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे. ताईकडे जायचं नाव काढलं की म्हणायचे, “तिथं तिसऱ्या मजल्यावर कोंडून घेऊ कामून? हितं माझी तुळस हाय, माझा पेपर हाय. मी काय लहान लेकरू हाव का?”

त्यांचा फोन बटणांचा. इंटरनेटवरून त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. सुजितने त्यांना समोर बसवून रोमिंग समजावलं. तुम्ही फोन केला आणि मी तिकडे उचलला, तर माझंही मीटर पळतं. नुसता वाजला आणि उचललाच नाही, तर काही नाही.

“म्हंजे वाजवायचं फुकट, बोलायचं इकत,” बाबा म्हणाले. “हे तर आपलं जुनंच की!”

जुनंच होतं. सेकंड शिफ्ट सुटली की ते कारखान्याच्या गेटवरून घरी एक रिंग द्यायचे आणि कापायचे. घरात सासूबाई, साखरबाई, तवा ठेवायच्या. सायकल दारात टेकेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. तो फोन कधी कुणी उचलला नाही. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत कापण्यात बाबांचा हात इतका बसला होता की सुजित म्हणायचा, “कंपनीत ऑपरेटर बाबा नव्हते, त्यांचा अंगठा होता.”

तर तेच ठरलं. सकाळी चहा झाला की एक रिंग द्यायची आणि कापायची. रिंग आली की समजायचं, बाबा ठीक.

“आणि काही लागलं तर?” मी विचारलं होतं. मला असं विचारायची सवयच आहे.

“काही लागत नसतंय, माय. तू लेकराकडं बघ.”

हनोईला उतरलो त्या संध्याकाळी सुजितच्या ऑफिसमधल्या केदारच्या फोनवर मेसेज येऊन थडकला. विमानतळापासून हॉटेलपर्यंत त्याच्या मुलाने बसमध्ये कार्टून पाहिली होती. बिल बघून केदार खुर्चीत बसला तो उठेना. जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता.

“केदार, एवढ्यात तर ते कार्टून घरी नांदायला आलं असतं!”

“अरे, त्याचा फोन नको, त्याला फ्लाइट मोडवर टाका.”

सगळे हसले, आणि हसता हसता सगळ्यांनी आपापले फोन काढून पुन्हा एकदा तपासले. माझं सिम बंदच होतं. सुजितच्या फोनवर इंटरनेट बंद, फक्त रोमिंग चालू. बाबांच्या रिंगपुरतं.

रिंग येत राहिली. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा पुढे, त्यामुळे बाबांचा चहा आणि आमचा नाश्ता जुळून यायचा. टेबलावर फोन एकदाच वाजायचा आणि गप्प व्हायचा. चिमी टाळ्या पिटायची. “आबा टुंग! आबा टुंग!” मग मी हॉटेलच्या वायफायवरून ताईला लिहायची, ‘बाबांची रिंग आली.’ ताई फक्त अंगठा पाठवायची. मला त्या अंगठ्यातही टोमणा दिसायचा.

ज्या सकाळी आम्हाला बोटीने समुद्रात न्यायचं होतं, त्या सकाळी मी धास्तावलेलीच होते. पाणी शांत होतं, हिरवं, मधे मधे डोंगर उभे. पण चिमीला दिलेलं लाइफ जॅकेट मोठं होतं. तिची हनुवटी त्यात बुडत होती. मी धक्क्यावर गुडघ्यांवर बसून त्याचे पट्टे आवळत होते. सुजितचा फोन प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून मीच गळ्यात अडकवला होता, कारण तो पाण्यात पाडेल याची मला खात्री होती.

पाऊचमध्ये फोन वाजला. वर ‘बाबा’.

“आबा टुंग!” चिमी म्हणाली.

मी पट्टा ओढत राहिले. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा. माझे हात थांबले.

“कापत का नाहीयेत?” मी म्हटलं.

“विसरले असतील. उचलू नकोस हं,” सुजित म्हणाला. तो केदारच्या कॅमेऱ्यातून आमच्याकडे बघत होता. “हसा दोघी.”

फोन वाजून वाजून थांबला. मी उठून उभी राहिले, आणि तो पुन्हा वाजायला लागला. पाऊचच्या प्लॅस्टिकवरून माझा अंगठा हिरव्या खुणेवर गेला होता. हे मला अजून नीट आठवतं, कारण प्लॅस्टिक ओलं होतं आणि बोट घसरत होतं.

“अपेक्षा, अगं खिशात बटण दाबलं गेलं असणार त्यांच्या. तू उचलशील आणि तिकडून नुसती खुडबुड ऐकू येईल. त्याचे पैसे भरायचे का आपण?”

मागून केदारची बायको म्हणाली, “उचला, उचला. आमच्या पंगतीत या!” सगळा धक्का हसला. मीही हसले. फोन थांबला. आमच्या गाइडने चिमीला उचलून बोटीत ठेवलं आणि मी, तिचं जॅकेट सैल आहे, सैल आहे, असं ओरडत तिच्यामागे उडी मारली.

बोटीवर फुकट वायफाय होतं. ताईचा मेसेज येऊन पडलेला होता. ‘आज रिंग?’

मी लिहिलं, ‘आली. आज तर भरभरून वाजवली बाबांनी.’ पुढे हसणारा चेहरा टाकला.

ताईचा अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला फोन वाजला नाही. चिमीने फोन उचलून कानाला लावला आणि “आबा?” म्हणाली. सुजित म्हणाला, झोपले असतील. बसमध्ये चढलो, उतरलो, कुठलंसं देऊळ बघितलं. माझं लक्ष फोनवर. जेवायच्या वेळी मी सुजितला न विचारता बाबांचा नंबर लावला. फोन बंद होता. तेव्हा पहिल्यांदा सुजितचा चेहरा उतरला. त्याने भर रस्त्यात इंटरनेट चालू केलं आणि ताईला फोन लावला. मीटरबद्दल कुणी काही बोललं नाही.

ताई पालघरहून रिक्षाने निघाली. भावजी कामावर होते, त्यांची वाट बघायला थांबली नाही. पुढचं मला तिच्याकडूनच कळलं, आणि थोडं आमच्या समोरच्या चंद्रकांताकाकूंकडून. दार आतून बंद होतं. ताई हाका मारते आहे हे ऐकून काकू बाहेर आल्या.

“अगो बाय, तू हितं? मग बाबा कुठं हाय?”

“म्हणजे?”

“मला वाटला, म्हातारा तुझ्याकडं गेला हाय पालघरला. काल दुधाची पिशवी कडीला तशीच. आज पन तशीच. मीच उचलली, नासंल म्हनून. आमच्या फ्रिजमंदी हायत ना दोनी.”

काकूंचं मन चांगलं. नाहीतर त्या पिशव्या दारावरच लटकत राहिल्या असत्या, आणि जिन्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी खटकल्या असत्या.

शेजारच्या रूपेशने दार फोडलं. बाबा मोरीत होते. उजव्या कुशीवर. आदल्या दिवशी पहाटे पाय घसरून पडले, ते तिथेच. खुब्याचं हाड मोडलेलं. चष्मा कुठेतरी भिंतीकडे गेलेला. पडले तेव्हा फोन मात्र सदऱ्याच्या खिशात होता. डोळ्यांना आकडे दिसत नव्हते, पण हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर पुन्हा लागतो, हे अंगठ्याला माहीत होतं. शेवटचा नंबर आमचा होता.

आम्ही परतलो तेव्हा ते पालघरच्या हॉस्पिटलमध्ये होते. शुद्धीवर होते. चेहरा सुजलेला, ओठ फुटलेले. चिमीला आत सोडत नव्हते. सुजित पायाशी उभा राहिला, त्याला जवळ जाता येईना. मी खुर्ची ओढून बसले.

“लेकरू बुडलं बिडलं न्हाई ना पान्यात?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

“मी कापली न्हाई रिंग,” ते हळूहळू म्हणाले. “म्हणलं, पोरगी समजंल. रोज कापतो, आज कापली न्हाई, म्हंजे काहीतरी हाय. तुला कळतंय तसं. दुसऱ्यांदा बी न्हाई कापली.”

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

“मग म्हणलं, झालं. आता कळलं त्यायला. उगं मीटर कामून पळवायचं? प्रियाला धाडतील. पालघराहून यायला किती येळ लागतंय? म्हणून गप पडून राह्यलो. रिक्षा वाजली की वाटायचं, आली. संध्याकाळी पाणी प्यावं म्हणून बादलीकडं सरकाया गेलो, हात पुरला न्हाई, अन् फोन पडला खालच्या पान्यात.”

ताई खिडकीपाशी उभी होती. तिने वळून बघितलं नाही.

डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, हाडाचं ऑपरेशन करता येईल. पण इतका वेळ एका कुशीवर, पाण्याविना पडून राहिल्याने अंगातले स्नायू दबून गेले आहेत, आणि त्याचं विष किडनीवर गेलं आहे. पडले त्या सकाळीच आणलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने वाक्य पुरं केलं नाही.

डायलिसिस सुरू झालं. एक दिवस बरं वाटलं, बाबांनी भाकरी मागितली, दुधात कुस्करून. मी घरी जाऊन केली, डब्यात भरून आणली. तोवर त्यांना आतल्या वॉर्डात हलवलं होतं. डबा मी बाकावर मांडीत घेऊन बसले. त्यानंतर ते आमच्याशी धड बोललेच नाहीत. अधूनमधून उजवा अंगठा चादरीवर दाबायचे. नर्स म्हणाली, तसं होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

महिना संपायच्या आत ते गेले.

तेराव्याचं सगळं आवरल्यावर ताई स्वयंपाकघरात आली. मी भांडी पुसत होते. मला वाटलं, आता ती बोलेल. तिने मला वाटेल ते बोलावं, असंच मला वाटत होतं. तिने फोन काढून माझ्यासमोर धरला. माझा मेसेज. भरभरून वाजवली. हसणारा चेहरा. खाली तिचा अंगठा.

“त्या दिवशी मी साडी नेसून तयार होते,” ती म्हणाली. “सकाळपासून काय कोण जाणे, मन लागत नव्हतं. म्हटलं, जाऊन बघून येते. पर्स खांद्याला होती. मग तुझं हे आलं.” फोन तिने पुन्हा पर्समध्ये टाकला. “मी परत साडी बदलली, अपेक्षा.”

टोमणा नव्हता. आवाजही चढला नव्हता. त्यानंतर ती या घरी आलेली नाही. राखीला सुजित गेला, तिने राखी बांधली, जेवायला वाढलं आणि माझं नाव न काढता त्याला वाटेला लावलं.

सुजित आता प्रत्येक फोन उचलतो. कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या मुलीचंही तो शेवटपर्यंत ऐकून घेतो. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला घेऊन ऐकतो. आमच्यात त्या धक्क्यावरचा विषय निघत नाही. फोटो केदारने पाठवले होते. त्यात एक आहे, चिमी जॅकेटमध्ये बुडालेली, मी हसते आहे आणि माझा अंगठा पाऊचवर आहे.

परवा चिमी खेळण्यातला फोन घेऊन बसली होती. “टुंग,” म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी “कोण आहे?” विचारलं, तर म्हणाली, “आबा. उचल ना.” मी उचलला. पलीकडे काय असणार. पण मी बराच वेळ कानाशी धरून बसले.

आता पुन्हा सुट्ट्या लागल्या आहेत. आमच्या बिल्डिंगमधून दोन कुटुंबं बाहेर गेली, एक दुबईला, एक बालीला. जिन्यात बॅगांची चाकं वाजतात, आणि कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं, उगीच फोन करू नका, तिकडे फार पैसे पडतात, नुसती रिंग द्या. मी दाराआडून ऐकते. खालच्या मजल्यावर एकट्या मागे राहिलेल्या आजींकडे मी रोज जाते. त्यांना माझा कंटाळा आला आहे. येऊ दे.

तुमच्याही आसपास कुणी असं फिरायला गेलं असेल, आणि मागे एकटं माणूस असेल. हे वाचून झालं की उठा. कडीला दुधाची पिशवी दिसते की नाही, यावर जाऊ नका, ती कुणीतरी आत नेलेली असेल. रिंग आली होती, असं त्यांच्या मुलांनी कळवलं असलं तरी त्यावर जाऊ नका. दार वाजवा. आणि त्या माणसाने स्वतः येऊन कडी काढेपर्यंत तिथून हलू नका.