दहा ते बाराचे तास

मित्रांनो, मी एक जुनं ओळखपत्र आहे. जुनं म्हणजे फार नाही, अडीच वर्षांचं. पण दारं उघडेनाशी झाली की आमचं म्हातारपण आलंच म्हणायचं.

परदेशातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात माझा जन्म झाला. यंत्रातून ऊन ऊन बाहेर पडलो, तेव्हा माझ्यावर एका मुलीचा फोटो होता, डोळे अर्धवट मिटलेला. "अगं बाई, झोपले होते की काय मी!" म्हणून ती खुदकन हसली. घरी तिला टिल्लू म्हणत. फोटोखाली एक तारीख छापली होती. तीन वर्षं पुढची. तोवर माझी नोकरी पक्की, असं मला वाटलं.

टिल्लूचे बाबा शिंपी. फोनवर मला बघून ते म्हणाले, "त्याला असं उघडं गळ्यात घालून हिंडू नकोस. माप सांग." महिन्याभरात अस्तराच्या निळ्या कापडाचं कव्हर टपालाने आलं, दुहेरी शिलाईचं. दुकानात त्यांनी दोन घड्याळं लावली होती. एक घरच्या वेळेचं, एक लेकीच्या वेळेचं. गिऱ्हाईक आलं की आधी दुसऱ्या घड्याळाकडे बोट. "आमची टिल्लू आत्ता वर्गात असेल," आणि मग टेप हातात.

मी मन लावून काम केलं, मित्रांनो. प्रयोगशाळेच्या दारावरच्या डबीला मला टेकवलं, की हिरवा दिवा लागे आणि दार उघडे. टिल्लू औषधशास्त्र शिकत होती. पहिल्या वर्षी ती वर्गात दुसरी आली, तेव्हा तिने मला चक्क कपाळाला लावलं. माझी कॉलर केवढी ताठ झाली होती म्हणून सांगू!

दुसऱ्या वर्षी बाबांना झटका आला. जीव वाचला, पण कात्रीचा उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज साडेतीनला घरी यायच्या. बाबा त्यांना दाद देईनात. आई रडकुंडीला आली. "तू सांगितलंस तरच ऐकतील गं," ती फोनवर म्हणाली.

घरचे साडेतीन म्हणजे कॉलेजकडचे सकाळचे दहा. आणि दहा ते बारा टिल्लूचे तास.

"यंदा माझे तास दुपारी असतात," तिने बिनदिक्कत थाप मारली. मग रोज दहाला ती खोलीत फोनसमोर बसायची. "बाबा, मूठ मिटा. आता उघडा. अहो, मिटल्यासारखं करू नका, नीट मिटा!" मी खुंटीवर लटकून ऐकत असे. एका सकाळी बाबांचं करंगळीशेजारचं बोट हललं. टिल्लू आनंदाने ओरडली. त्या वेळी वर्गात तिची हजेरी पुकारत असतील, हे माझ्याही मनात आलं नाही.

त्या कॉलेजात दर सहा महिन्यांनी नव्याने नाव नोंदवावं लागे. नोंदवायची वेळ आली, तशी टिल्लू घुटमळू लागली. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "एवढी ओढाताण कशाला? सहा महिने सोडून दे. मीही सोडले होते, काही होत नाही."

पोरगी मनाची चांगली होती हो. पण ती त्याच देशाची. तिला व्हिसा लागत नव्हता. टिल्लूचा व्हिसा त्या एका नोंदीवर उभा होता, आणि हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. टिल्लूने नाव नोंदवलं नाही. का, ते ऑफिसात सांगितलंही नाही. घरचं दुखणं चारचौघांत कशाला मांडायचं, ही त्या घराची रीत. कॉलेजची पत्रं येत, ती न उघडताच बाजूला ठेवी. "हजेरीवरून बोलणी असणार," म्हणे.

मग एके दिवशी ती राहिलेली वही आणायला प्रयोगशाळेपाशी गेली, आणि लाल दिवा लागला.

टिल्लूला वाटलं, कव्हर जाड आहे. तिने मला ओढून बाहेर काढलं, घाईत शिवण उसवली. ओढणीला पुसून पुन्हा टेकवलं. लाल. पुन्हा टेकवलं. लाल. मी जिवाचं रान केलं, मित्रांनो, पण माझ्या हातात काही नव्हतं. दारावरचा रखवालदार हळूच म्हणाला, "ताई, यादीत तुमचं नावच नाही."

मग तिने सगळी पत्रं उघडली. शेवटच्या पत्रात व्हिसा रद्द झाल्याचं लिहिलं होतं. आधीच्या पत्रात कारण कळवायची मुदत होती. ती चार दिवसांपूर्वी संपली होती. ऑफिसातल्या बाई चष्मा काढून म्हणाल्या, "अहो, वडिलांच्या आजाराचा एक कागद आणून दिला असतात, तर रीतसर रजा मिळाली असती. त्याच वेळी का नाही बोललात?" टिल्लू खूप रडली. मला वाटलं, माझ्यावरचा फोटोही पुसून जाईल.

घरी परतल्यावर तिने सांगितलं, "कॉलेजनेच कोर्स बंद केला." बाबांनी फार विचारलं नाही. मी दुकानात बटणांच्या खणात येऊन पडलो.

काल दुपारी बाबांना उसवलेली शिवण दिसली. आता त्यांना उजव्या हाताने सुई धरता येते. शिवायला म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं, आणि माझ्यामागे घडी घालून ठेवलेला कागद खाली पडला. टिल्लूचं त्या वर्षीचं वेळापत्रक. सोमवार, दहा ते बारा. मंगळवार, दहा ते बारा. शनिवारपर्यंत तेच. बाबांनी भिंतीकडे पाहिलं. एका घड्याळात साडेतीन वाजले होते, दुसऱ्यात दहा.

टिल्लू चहा घेऊन आली आणि कागद बघून जागीच थांबली.

"माझ्या हातासाठी?" बाबांनी विचारलं.

"नाही हो बाबा. मी बोलले नाही म्हणून. एका शब्दाने सांगितलं असतं, तर दोन्ही झालं असतं."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पत्र आलं तर भीती वाटली तरी उघडा. घरात दुखणं असेल तर ऑफिसच्या खिडकीपाशी जाऊन सांगा, लाज बाळगू नका. माझ्यावरची तारीख अजून उलटलेली नाही. सहा महिने बाकी आहेत, आणि मी इथे बटणांत पडून आहे.

बाबांनी मला उजव्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं. कड तळव्यात रुतत होती, तरी सोडेनात. टिल्लू खाली बसली आणि सवयीने म्हणाली, "बाबा, मूठ उघडा."

बाबांनी मूठ उघडली नाही.